'कॅप्टिव्ह ब्रेड' : समुद्रघोडा, काचेची टाकी आणि कागदावरचं एक अक्षर



पेटची तयारी करणाऱ्या आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो : "इतिहासाचा विषय म्हणजे जुनंच काहीतरी पाहिजे का?" उत्तर म्हणून आज एक अगदी अलीकडचा इतिहास सांगते. यातली महत्त्वाची साधनं बहुतेक १९७३ नंतरची आहेत. ठराव, परवाने, व्यापाराच्या नोंदी. ताम्रपट नाहीत, बखरी नाहीत. विषय आहे समुद्रघोडा.

पाणघोडा नव्हे. तो आफ्रिकेतला अवाढव्य प्राणी. समुद्रघोडा हा मासा आहे, बहुधा बोटाएवढा किंवा वीतभर. त्याला कल्ले आहेत, पर आहेत, पण खवले नाहीत आणि जठरही नाही. शेपटीने तो गवताला किंवा प्रवाळाला विळखा घालून बसतो आणि समोरून जाणारे बारीक जीव नळीसारख्या तोंडाने ओढून घेतो. मादी अंडी घालते ती नराच्या पोटावरच्या पिशवीत, आणि पिल्लं जन्माला घालतो नर. एवढं जीवशास्त्र पुढच्या गोष्टीला पुरेल.

घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांना हल्ली जगभर एकच सल्ला दिला जातो. समुद्रातून पकडलेला समुद्रघोडा घेऊ नका, 'कॅप्टिव्ह ब्रेड' घ्या, म्हणजे माणसाच्या देखरेखीखाली जन्मलेला आणि वाढलेला. सल्ला योग्य आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण संशोधकाने अशा शब्दापाशी थांबायला हवं. 'कॅप्टिव्ह ब्रेड' कशाला म्हणायचं हे ठरवलं कोणी? कधी? आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कोणता प्राणी होता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकते : समुद्रघोडा नव्हता.

काचेची टाकी

समुद्री प्राणी घरात पाळण्याची हौस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये फोफावली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं, आणि बैठकीच्या खोलीत टाकी ठेवणं ही फॅशन झाली. समुद्रघोड्याचं रूप असं की त्याला मागणी येणारच. पण तो टाकीत टिकत नसे. जठर नसल्यामुळे खाल्लेलं झटपट पुढे सरकतं आणि त्याला दिवसभर थोडं थोडं खावं लागतं. तेही जिवंत आणि हलणारं. मेलेल्या खाद्याकडे समुद्रातून आणलेला समुद्रघोडा सहसा ढुंकूनही पाहत नाही. म्हणजे त्याला विकत आणणं सोपं, जगवणं कठीण. मेला की दुसरा आणायचा. अशा शौकाचा बोजा समुद्रावरच पडत राहतो.

चित्र बदललं ते एका भलत्याच प्राण्यामुळे : आर्टेमिया, खाऱ्या तळ्यांत वाढणारा कोळंबीवर्गीय बारीक जीव. याची अंडी सुकवून डब्यात ठेवता येतात आणि हवी तेव्हा खाऱ्या पाण्यात टाकून उबवता येतात. माशांच्या पिल्लांना हे ताजं खाद्य चालतं हे १९३० च्या दशकात अमेरिकेत सील यांनी आणि नॉर्वेत रोलेफसेन यांनी दाखवलं. त्यानंतर मत्स्यपालनाचं सगळं गणितच पालटलं. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरचा इंचभर लांबीचा बुटका समुद्रघोडा तर अमेरिकेत टपालाने घरपोच मिळू लागला. त्याच्या जाहिराती मुलांच्या मासिकांत येत. ते घोडे मात्र समुद्रातून पकडलेलेच असत. खाद्य टिकाऊ झालं म्हणून घोडा काही टिकाऊ झाला नाही.

शब्द आला कासवांसाठी

आता मूळ मुद्दा. १९७३ मध्ये वॉशिंग्टनला एक आंतरराष्ट्रीय करार झाला, ज्याला आपण साइट्स म्हणतो. तो १९७५ पासून अमलात आला आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. धोक्यात असलेल्या प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशीच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणं हे त्याचं काम. याच करारात एक खिडकी ठेवलेली होती : बंदिवासात पैदास केलेल्या प्राण्यांना वेगळे, सैल नियम. खिडकी ठेवली की तिच्यातून कोण कोण घुसतं ते पाहावं लागतं. केमन बेटांवर १९६८ मध्ये समुद्री कासवांचं पालन सुरू झालं होतं. तिथली कासवं 'पाळलेली' होती खरी, पण अंडी आणली जात होती निसर्गातून. मग या कासवांना बंदिवासात पैदास झालेली म्हणायचं का? १९७० च्या दशकात यावरून मोठा वाद झाला.

१९७९ मध्ये कोस्टारिकातल्या सॅन होजेच्या बैठकीत ठराव आला आणि १९९७ मध्ये हरारेच्या बैठकीत त्याची नवी, आजही वापरात असलेली मांडणी झाली. तिचा सारांश असा : पैदाशीचे मूळ प्राणी कायदेशीर मार्गाने आणलेले असावेत, त्यांत निसर्गातून पुन्हा पुन्हा भर घालावी लागू नये, आणि त्या केंद्राने दुसरी पिढी काढलेली असावी किंवा ती काढता येते हे दाखवून दिलेलं असावं. दुसरी पिढी, हे नीट लक्षात ठेवा. समुद्रातून आणलेल्या जोडीची पिल्लं टाकीत जन्मली, एवढ्याने ती 'कॅप्टिव्ह ब्रेड' ठरत नाहीत.

परवान्यावर हे सगळं एका अक्षरात येतं. निसर्गातून आणलेला असेल तर 'डब्ल्यू'. वरच्या व्याख्येत बसणारा असेल तर 'सी'. टाकीत जन्मलेला, पण व्याख्येत न बसणारा असेल तर 'एफ'. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातलं सगळ्यात बोलकं साधन म्हणजे हे 'एफ' अक्षर. ते 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही.

समुद्रघोडा यादीत कसा आला

या व्यवस्थेत समुद्रघोडा बराच काळ नव्हताच. समुद्रातला मासा म्हणजे 'मासळी', ती मत्स्यव्यवसाय खात्याची बाब, वन्यजीव कायद्याचा तिच्याशी संबंध काय, अशी सर्वसाधारण समजूत होती. ती मोडण्यात अमांडा व्हिन्सेंट या संशोधिकेचा मोठा वाटा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजमध्ये पीएचडी करताना त्या समुद्रघोड्याच्या नर-मादीच्या वर्तनाचा अभ्यास करत होत्या. व्यापार हा तेव्हा त्यांचा विषयच नव्हता. पुढे आशियातल्या बाजारांकडे वळल्यावर अडचण आली ती आकड्यांची. बहुतेक देशांच्या सीमाशुल्काच्या नोंदींत समुद्रघोड्याला स्वतंत्र रकाना नव्हता, मग आकडे येणार कुठून? त्यांनी मच्छीमार, दलाल, व्यापारी, औषधविक्रेते यांना गाठून मुलाखती घेतल्या आणि १९९६ मध्ये अहवाल काढला. किमान ३२ देश या व्यापारात होते आणि १९९५ या एका वर्षात किमान २ कोटी समुद्रघोडे विकले गेले, असा त्यांचा अंदाज होता. दप्तरात कागद नाही म्हणून घटना घडलीच नाही असं समजणाऱ्यांनी हा अहवाल जरूर वाचावा.

यातला फार मोठा भाग टाक्यांसाठी नव्हता. तो वाळवून चिनी पारंपरिक औषधासाठी जात होता. ही परंपरा जुनी आहे. ली शिझेन यांच्या १५९६ मध्ये छापलेल्या औषधीग्रंथातही समुद्रघोडा आहे. टाक्यांसाठी जाणारे जिवंत घोडे त्या मानाने मूठभर.

नोव्हेंबर २००२ मध्ये चिलीतल्या सॅन्टियागोच्या बैठकीत समुद्रघोड्याच्या सगळ्या जाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात घ्यायचं ठरलं. अंमलबजावणीला अठरा महिन्यांची मुदत दिली आणि १५ मे २००४ पासून नियम लागू झाला. दुसरं परिशिष्ट म्हणजे बंदी नाही. व्यापार करा, पण त्यामुळे निसर्गातल्या संख्येला धक्का लागत नाही हे निर्यात करणाऱ्या देशाने दाखवावं. ते दाखवायचं कसं, तर एक सोपी शिफारस पुढे आली : १० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचा घोडा विकू नये. डोक्यावरच्या तुऱ्यापासून सरळ केलेल्या शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं. बहुतेक जाती या उंचीपर्यंत एकदा तरी प्रजनन करून मोकळ्या होतात, हा त्यामागचा हिशेब.

आता फिलिपिन्समध्ये काय झालं ते पाहा. बोहोलजवळच्या हांडुमोन नावाच्या गावात मच्छीमार रात्री दिवा घेऊन समुद्रघोडे पकडत. व्हिन्सेंट आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकात त्यांच्यासोबत काम करू लागले. गावाने १९९५ मध्ये स्वतःच्या समुद्राचा एक तुकडा मासेमारीसाठी बंद केला. आणखी एक प्रयोग केला : पोटुशी नर सापडला तर त्याला समुद्रातल्याच पिंजऱ्यात ठेवायचं, पिल्लं बाहेर पडून समुद्रात गेली की मग विकायचं. (पोटुशी नर! हे शब्द शेजारी शेजारी लिहिताना अजूनही गंमत वाटते.) या घोड्याला कोणतं अक्षर द्याल? तो निसर्गातलाच, पण विकला जाण्याआधी पुढची पिढी मागे ठेवून गेलेला. कागदावर मात्र 'डब्ल्यू'. हांडुमोनच्या लोकांनी जे केलं ते मांडायला अक्षरच नाही.

आणि खरा घाव पुढेच आहे. फिलिपिन्सच्या १९९८ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यात एक कलम होतं, त्याप्रमाणे साइट्सच्या यादीतली जलचर जात पकडायलाच बंदी. त्यामुळे २००४ मध्ये यादी लागू होताच त्या देशात समुद्रघोडा पकडणं बेकायदा ठरलं. आंतरराष्ट्रीय करार म्हणत होता 'जपून व्यापार करा', देशाचा कायदा म्हणाला 'हात लावू नका'. ज्यांनी आपला समुद्र आपणहून राखला होता, त्या मच्छीमारांचीच कमाई आधी गेली. या कलमात सवलत देणारी दुरुस्ती व्हायला २०१५ साल उजाडलं.

पैदास करायची तर

या सगळ्यावर उतारा म्हणून पैदास केंद्रांकडे पाहिलं गेलं. चीनमध्ये १९५० च्या दशकापासून प्रयत्न चालू होते. १९९० च्या दशकात व्हिएतनाममध्ये न्हा ट्रांगला, १९९८ मध्ये हवाईतल्या कोनाला आणि त्याच सुमारास टास्मानियातही काम उभं राहिलं. आपल्याकडे विझिंजमच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन केंद्रातून १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'कुडा' जातीच्या प्रजननावर निबंध आला. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच जातीवर काम केलं; टाकीचा रंग आणि उजेड यांचा पिल्लांच्या जगण्या-वाढण्यावर काय परिणाम होतो यावरही त्यांचा निबंध आहे. टाकीचा रंग हा काय संशोधनाचा विषय झाला, असं वाटलं असेल तर पुढचं वाचा.

एका वेळी शेकडो पिल्लं जन्मतात. तोंड इतकं बारीक की काही जातींच्या पिल्लांना आर्टेमियाही मोठा पडतो. मग त्याहून लहान खाद्य वेगळं वाढवावं लागतं. पिल्लं पृष्ठभागाकडे ओढली जातात, हवा गिळतात आणि तरंगत राहून मरतात. जे समोर दिसत नाही ते ती खात नाहीत, म्हणून खाद्य उठून दिसेल अशी टाकी आणि असा उजेड लागतो. म्हणजे 'सी' या अक्षरामागे असे किती तरी बारीक शोध आहेत. हे सगळं पार करून वाढलेला घोडा गोठवलेलं खाद्य खायला शिकलेला असतो, टाकीला सरावलेला असतो, म्हणून तो घरात जगतो. खरेदीदाराचा फायदा आणि समुद्राचा फायदा इथे एकत्र येतात, असं फार क्वचित होतं.

मात्र जिथे नवे नर-मादी दरवर्षी समुद्रातूनच आणले जातात तिथे 'सी' लावता येत नाही. आणि बाजारात तर 'टँक रेज्ड' असाही एक शब्द फिरतो. त्याचा अर्थ टाकीत वाढवलेला, एवढाच. पकडून आणलेल्या पोटुश्या नराने दुकानाच्या मागच्या खोलीत दिलेली पिल्लंही त्यात बसतात. तेव्हा विकत घेणाऱ्याने विचारायचं ते 'कॅप्टिव्ह ब्रेड आहे का' एवढंच नाही. कितवी पिढी, आई-बाप कुठून आले, जात कोणती, गोठवलेलं खाद्य माझ्यासमोर खाऊन दाखवतो का, सीमा ओलांडून आला असेल तर परवान्यावर अक्षर कोणतं. जात विचारणंही वाटतं तेवढं सोपं नाही. 'कुडा' हे नाव डच डॉक्टर ब्लीकर यांनी १८५२ मध्ये दिलं (मलय भाषेत कुडा म्हणजे घोडाच), आणि पुढे कित्येक वेगवेगळे घोडे याच नावाखाली कोंबले गेले. २०१६ च्या फेरतपासणीत एकूण ४१ जाती मान्य झाल्या.

भारतातल्या वाचकांसाठी आधी कायदा. जुलै २००१ मध्ये समुद्रघोडा आणि त्याचं सगळं कुळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेलं. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांसाठी वेगळं प्रकरणही आलं. म्हणजे आपल्या समुद्रातला घोडा घरच्या टाकीत ठेवायचा प्रश्नच उरत नाही, मग विकणारा काहीही सांगो.

आकडे वाचताना

साइट्सच्या व्यापाराच्या नोंदी कुणालाही पाहता येतात. ज्यांना आकड्यांवर हात बसवायचा आहे त्यांनी समुद्रघोड्यापासून सुरुवात करावी. निर्यात करणाऱ्याने लिहिलेला आकडा आणि आयात करणाऱ्याने लिहिलेला आकडा जुळत नाही. एक किलोत लिहितो, दुसरा नगांत. जातीच्या जागी नुसतं 'समुद्रघोडा'. जिवंत घोड्यांच्या व्यापारात या काळात 'डब्ल्यू'कडून 'सी' आणि 'एफ'कडे सरक झालेली दिसते. ती खरी आहे, पण तिच्यातला किती भाग पैदाशीचा आणि किती भाग अक्षर बदलल्याचा, हे नुसत्या तक्त्यावरून सांगता येत नाही. २०१३ मध्ये साइट्सने व्हिएतनाममधून 'कुडा'ची निर्यात थांबवायला सांगितलं. थायलंड हा सर्वांत मोठा निर्यातदार, त्याने २०१६ मध्ये आपणहून निर्यात थांबवली. आणि २०१९ मध्ये व्हिन्सेंट यांच्या गटाने हाँगकाँगच्या बाजारातली चौकशी छापली : व्यापाऱ्यांच्या सांगण्यानुसार तिथले सुमारे ९५ टक्के वाळलेले समुद्रघोडे निर्यातबंदी असलेल्या देशांतून आले होते. अधिकृत तक्त्यात निर्यात थांबलेली, दुकानात बरण्या भरलेल्या.

हे कसं होतं ते पाल्कच्या उपसागरात आणि मन्नारच्या आखातात दिसतं. २००१ पूर्वी तिथे हाताने, बुडी मारून समुद्रघोडे गोळा करणारे लोक होते. बंदीचा पहिला फटका त्यांना बसला, कारण तो त्यांचा उघड धंदा होता. ट्रॉलरवाला समुद्रघोडा पकडायला जातच नाही. त्याचं जाळं तळ खरवडत जातं आणि कोळंबीबरोबर जे येईल ते येतं. जाळं वर येईपर्यंत घोडा मेलेला असतो. मग तो फेकायचा की कुणाला गुपचूप द्यायचा, एवढाच प्रश्न उरतो. भारतातल्या बंदीचा अभ्यास करणाऱ्या २०२१ च्या निबंधाचं म्हणणं हेच आहे की काहीही ओढणारं जाळं चालू असेल तर पकडण्यावरची आणि विकण्यावरची बंदी निष्प्रभ ठरू शकते. त्या जाळ्यातल्या घोड्याला 'सी' अक्षराचा काडीचा उपयोग नाही. टाकीसाठी चांगला घोडा निवडणारा माणूस त्याच्या वाट्याची गोष्ट नीट करतो. पण त्याच्यामुळे समुद्रघोडा वाचला, असं वाक्य प्रबंधात लिहाल तर मार्गदर्शक लाल शाईने 'पुरावा?' लिहितील, आणि ते बरोबर असेल.

शेवटी एक ताजं उदाहरण, ज्यात हीच व्याख्या उलटी होते. सिडनीच्या किनाऱ्यावरचा व्हाइट्स समुद्रघोडा आज धोक्यात असलेल्या जातींत आहे. त्याच्या राहण्याच्या जागाच नाहीशा होत गेल्या. टाकून दिलेल्या खेकड्यांच्या सापळ्यांवर हे घोडे वस्ती करतात हे डेव्हिड हरास्ती या संशोधकाच्या लक्षात आलं, आणि तसेच पिंजरे मुद्दाम समुद्रतळावर ठेवले गेले. लोक त्यांना समुद्रघोड्यांची हॉटेलं म्हणतात. निसर्गातून आणलेल्या घोड्यांची पिल्लं सिडनीच्या मत्स्यालयात वाढवली आणि २०२० मध्ये त्या हॉटेलांवर सोडली. प्रत्येकाच्या कातडीखाली ओळखीसाठी रंगीत खूण होती. ही पिल्लं पहिल्याच पिढीची, म्हणजे हरारेच्या व्याख्येत न बसणारी, आणि इथे नेमकं तेच हवं होतं. समुद्रात सोडायचा प्राणी जितका कमी पिढ्या टाकीत राहिलेला तितका बरा. त्यांच्यासाठी परवान्यावर अक्षर लिहायची वेळच आली नाही, कारण ती पिल्लं कुठलीच सीमा ओलांडत नव्हती.